सोळातलं एक झाड

४ जून

ताई,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू हे फोडलंस, म्हणजे निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं मी करते.

आधी बाबा. मोतीबिंदूची दुसरी शस्त्रक्रिया झाली आणि त्यांची नजर इतकी लख्ख झाली की घरात कुणाची धडगत राहिली नाही. काल माझ्याकडे निरखून बघत म्हणाले, "मुंगे, तुझ्या डोक्याला पांढरे दोरे चिकटलेत." मी म्हटलं, "बाबा, ते केस आहेत." तर म्हणाले, "मग असू देत. शिंप्याच्या मुलीला शोभतात." दुकान बंद करून चार वर्षं झाली, पण टेप अजून गळ्यातच. भाजी आणायला जातानासुद्धा.

आता कामाचं. फोन तू उचलत नाहीस. ठीकच आहे. "जे बोलायचं ते तू कागदावर सही करून दिलंस, आता पुढचंही लेखीच दे," असं तू संशोधन केंद्राच्या फाटकापाशी म्हणाली होतीस, त्याला सहा वर्षं झाली. त्या कागदावर मी लिहिलं होतं की तुझ्या कापसाच्या शेतातलं बियाणं मिसळलेलं आहे, नोंदी भरवशाच्या नाहीत, प्रयोग थांबवावा. प्रयोग थांबला. तू राजीनामा दिलास, भावजींबरोबर त्यांच्या गावी गेलीस आणि रोपवाटिका काढलीस. मी त्याच प्रयोगशाळेत त्याच स्टुलावर बसून आहे.

माळीकाका या महिन्यात निवृत्त होतायत. मेच्या सुरुवातीला ते माझ्या टेबलावर बिस्किटांचा एक डबा ठेवून नुसतेच उभे राहिले. मी विचारलं, "काय आहे?" म्हणाले, "शीतखोलीच्या सगळ्यात खालच्या फळीवर होता. मोठ्या बाईंनी ताईंचं सगळं बियाणं जाळायला सांगितलं होतं. बाकीचं जाळलं."

डब्यात दोन कापडी पिशव्या आणि तुझ्या अक्षरातल्या चिठ्ठ्या. एकीवर 'नागडी आणि लांब धागा', दुसरीवर 'नागडी आणि बुटकी'. सरकीवर लव नसलेल्या तुझ्या नागडी कापसाचे दोन वाणांशी केलेले संकर, दोन्हींची दुसरी पिढी. तुला आठवतं ना, संचालक म्हणून वहीवर सही करताना मोठ्या बाईंनी त्या 'नागडी' शब्दावर लाल रेघ मारून 'लवरहित' लिहिलं होतं, आणि तू त्यांच्या लवरहितवर रेघ मारून पुन्हा नागडी केलं होतंस?

मी काकांना म्हटलं, "सहा वर्षं लपवून ठेवलंत?"

"लपवलं कुठे? कुणी विचारलंच नाही."

त्यातल्या काही बिया मी पेरल्या. सहजच. एक वाफा रिकामा होता म्हणून.

उत्तर पाठवायलाच हवं असं नाही.

मुंगी


१९ जुलै

ताई,

तुझं कार्ड मिळालं. "लेबलं पेन्सिलीने लिही, शाई उन्हाने उडते." एवढंच. वर मायना नाही, खाली सही नाही. बाबांनी ते तीनदा वाचलं आणि म्हणाले, "केवढं मोठं पत्र पाठवलंय पोरीने!"

सगळी लेबलं पेन्सिलीने पुन्हा लिहिली. म्हणजे पाचशे.

हो, पाचशे. गेल्या पत्रात मी 'काही बिया' लिहिलं ते खोटं होतं, आणि वाफा रिकामा होता हेही खोटं. मी मोठ्या बाईंकडे तीन वेळा जाऊन जागा मागितली. जुनं बियाणं किती उगवतं ते बघायचंय, असं त्यांना सांगितलं. त्या चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "उगवण बघायला कुंडी पुरते. तुला अर्धा एकर कशाला?" मी काहीतरी पुटपुटले. त्यांनी सही केली. त्यांना काय कळलं आणि काय नाही, हे त्यांच्या तोंडावर कधी दिसलंय?

लांब धाग्याच्या संकराची तीनशे चार झाडं उभी आहेत आणि बुटकीच्या संकराची एकशे शहाण्णव. गेल्या आठवड्यापासून फुलं येतायत. सकाळी सायीच्या रंगाची, दुसऱ्या दिवशी गुलाबी. या वेळी मिसळलं असं कुणाला म्हणता येऊ नये म्हणून प्रत्येक झाडाच्या तीन कळ्या मी उमलायच्या आदल्या संध्याकाळी पिशवीत बांधते. दीड हजार पिशव्या! कागदाच्या फाटत होत्या. बाबांनी शिवणयंत्राला तेल पाजलं, उरलेल्या अस्तराचे तागे माळ्यावरून उतरवले आणि आठवडाभर दुकान उघडल्यासारखे बसले. प्रत्येक पिशवीला नाडी. एक कळी मोजायला स्वतः शेतात आले, टेप लावून. "आयुष्यभर कापसाचे कपडे माणसांना घातले," म्हणाले, "आता कापसालाच घालतोय."

त्यांना मी भिंगाखालचंही दाखवलं. फूल उमलतं त्या सकाळी त्याच्या पोटातलं बीजांड काढून ठेवलं. आधी म्हणाले, "हे तर नुसतं भाताच्या कणीसारखं आहे." मग मी भिंग जवळ आणलं आणि ते टेप सावरत वाकले. तुला ठाऊकच आहे काय दिसतं ते. सगळ्या पृष्ठभागावर बारीक गोल फुगे. चार पेशींतली एखादीच फुगते, बाकीच्या तिघी शेजारी सपाट बसून राहतात. कुणी उठायचं आणि कुणी बसायचं हे जनुकं ठरवतात, आणि जी उठली तिचाच पुढे धागा होतो.

"एका पेशीचा एक अख्खा धागा?" बाबा.

"हो. तीन आठवड्यांत बोटाच्या दोन पेरांएवढा लांब."

"जोड कुठेच नाही?"

"नाही."

बराच वेळ भिंगाला डोळा लावून होते. मग म्हणाले, "सत्तर वर्षं हातात धरतोय. हे कुणी सांगितलं नाही."

मग त्यांना तुझ्या नागडीचं समजावलं. साध्या कापसात तीन-चार दिवसांनी फुग्यांची दुसरी फळी उठते, ती आखूडच राहते, तीच सरकीवरची चिवट लव. नागडीत पहिली फळी पुरती उठते आणि दुसरी उठतच नाही. म्हणून धागा लांब, भरपूर, आणि सरकी काळीभोर, गुळगुळीत. धागा ओढला की न तुटता सुटून येतो. बाबा म्हणाले, "हे ताईने शोधलं?" मी म्हटलं, "हो." "मग तू काय लिहिलं होतंस?" असं त्यांनी विचारलं. मी काय उत्तर दिलं ते पुढच्या पत्रात लिहिते. आज हात दुखतोय.

मुंगी


८ ऑगस्ट

ताई,

हात दुखत नव्हता.

मी माझ्याकडून सगळं एकदा सरळ मांडते. कुठे खोटं वाटलं तर लाल पेन तुझ्याकडे आहेच.

तू नागडीचे दोन संकर केलेस. बुटकीबरोबरच्या संकरात दुसऱ्या पिढीत चारात एक झाड नागडं निघालं, आणि लांब धाग्याबरोबरच्या संकरात जेमतेम सोळात एक. तू म्हणालीस, आकडे असेच आहेत, दोनदा मोजलेत, कारण तू शोध. मी पानांतून डीएनए काढून जनुकाची चाचणी केली. बुटकीच्या झाडांत चाचणी आणि शेत अगदी जुळलं. लांब धाग्याच्या झाडांत जुळेना: चाचणी म्हणायची जनुक बिघडलेलं आहे, झाड नागडं हवं, आणि शेतात त्याच्या सरकीवर चांगली दाट लव. मी ठरवलं की चाचणी खरी आणि तू लेबलांचा घोळ घातलास.

इथपर्यंत तुला माहीत आहे. पुढचं नाही.

चाचणीच्या फोटोत प्रत्येक नमुन्याची एक ठळक रेघ येते. लांब धाग्याच्या नमुन्यांत त्या ठळक रेघेच्या वर आणखी एक रेघ होती. फिकट, नीट बघितलं तरच दिसेल अशी. एका-दोघांत नाही, कित्येक नमुन्यांत. मी ती बघितली. मी स्वतःला सांगितलं, मळ आहे. अहवालात फोटो चिकटवताना वरचा भाग कापून टाकला. दिसायला स्वच्छ दिसावं म्हणून, असंही स्वतःला सांगितलं.

त्याच आठवड्यात मोठ्या बाईंनी धागा विभागाची प्रमुख म्हणून तुझं नाव ठरवलं होतं. मला ते कळलं होतं. हे वाक्य मी चार वेळा लिहिलं आणि चार वेळा खोडलं. पाचव्यांदा राहू देते.

मी मुद्दाम तुझं नुकसान केलं असं मला तेव्हा वाटलं नव्हतं. आजही तसं म्हणवत नाही. पण ती रेघ तुझ्या विरुद्ध नसून माझ्या विरुद्ध आहे, एवढं मला त्या क्षणी कळलं होतं, आणि तिचा पाठपुरावा मी केला नाही. तुझी लेबलं कधी चुकत नाहीत हे मला लहानपणापासून माहीत होतं. शाळेत माझ्या वह्यांवर नावं तूच घालायचीस.

हेच मी बाबांना सांगितलं. त्यांनी हातातली पिशवी पुरी शिवली, दोरा दातांनी तोडला आणि म्हणाले, "मला सांगून काय उपयोग? मी काय तुझी ताई आहे?"

म्हणून तुला लिहिलं. माफी मागते, ताई. सहीसकट.

तुझी धाकटी बहीण


३० ऑगस्ट

ताई,

तीन आठवडे झाले, तुझ्याकडून काही नाही. तुझा हक्क आहे. पण दर रविवारी सकाळी बाबा दार लावून घेतात आणि आतून "हं... हं... अगं हो... हं" असं ऐकू येतं, हे मला सहा वर्षं माहीत आहे. गेल्या रविवारी मात्र ते "हं"च्या मध्येच मोठ्याने हसले. बाहेर आल्यावर मी विचारलं, "कोण होतं?" तर म्हणाले, "चुकीचा नंबर." पाऊण तास चुकीच्या नंबराशी बोलत होते!

तू रागावलेली असलीस तरी आजचं पत्र मी उड्या मारत लिहितेय. मला ती रेघ सापडली.

आपल्या कापसाचं मूळ तूच मला पहिल्यांदा सांगितलं होतंस. लाखो वर्षांपूर्वी दोन वेगळ्या जातींचा आपोआप संकर झाला आणि दोघींचा सगळा संसार एकाच झाडात आला. म्हणून जवळजवळ प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती, एक या घराकडची, एक त्या घराकडची. माझी जुनी चाचणी पहिलीच प्रत धरत होती. दुसरी तिला नीट धरता येत नव्हती, नुसती चाटून जात होती. तीच फिकट रेघ. या वेळी मी दुसऱ्या प्रतीसाठी वेगळी चाचणी बनवली. मंगळवारी दुपारी फोटो आला. ताई, अशी ठळक, सरळ रेघ, की आंधळ्यालाही दिसावी! मी ओरडले. शेजारच्या खोलीतून मोठ्या बाई धावत आल्या, त्यांना वाटलं काहीतरी सांडलं. मी म्हटलं, "सहा वर्षांपूर्वी सांडलं होतं, आता सापडलं." त्या खुर्ची ओढून बसल्या, आणि मी त्यांना सगळं सांगितलं. कापलेल्या फोटोसकट. त्या इतकंच म्हणाल्या, "आधी बोंडं फुटू देत."

बाबांना समजावलं तर ते माझ्याआधी पोचले. "म्हणजे दुकानात कारागीर दोन. एक आजारी पडला तरी शिलाई थांबत नाही. दोघेही घरी बसले, तरच दुकान बंद."

"बरोबर. लव शिवणारे दोन कारागीर. दोघेही घरी बसायचा योग सोळात एकदा येतो."

"आणि बुटकीत चारात एकदा का?"

"तुम्हीच सांगा."

टेपाचं टोक चघळत विचार केला. "तिथे एक कारागीर आधीच काम सोडून गेलेला होता."

अगदी हेच, ताई! बुटकीमध्ये दुसरी प्रत मुळातच बिघडलेली आहे. मी तपासलं. म्हणजे तुझे दोन्ही आकडे खरे होते. एकाच शेतात, एकाच बाईने, एकाच वर्षी मोजलेले आणि दोन्ही खरे.

आता ऐक. बोंडं अजून मिटलेली आहेत. सरकी कशी निघणार हे आज कुणालाच दिसत नाही. मी पाचशेच्या पाचशे झाडांची दोन्ही प्रतींसाठी चाचणी केली आणि कोणती झाडं नागडी निघतील त्यांची यादी केली. लांब धाग्यात अठरा, बुटकीत एक्कावन्न. ओळ आणि झाड, दोन्हींचे क्रमांक घातलेत. यादी या पत्रासोबत तुझ्याकडे पाठवतेय. माझ्याकडे ठेवली तर उद्या मी काही खोडलं-घातलं असं कुणी म्हणू शकेल. तुझ्याकडे असलेल्या कागदावर माझा हात पोचत नाही.

चुकले तर तुझ्याकडे माझ्या सहीचा पुरावा आहे. वाट्टेल तसा वापर.

मुंगी


२२ सप्टेंबर

ताई,

बोंडं फुटली. पहाटे उठून जावं असं रोज वाटतं, पण दव असतं, म्हणून नऊपर्यंत कशीबशी चहा पीत बसते. मग मी आणि माळीकाका. निवृत्त झालेत, पण म्हणाले, "शेवट न बघता घरी कसा बसू?" मोजणी काका करतात, मी नुसती लिहिते. यादीत काय आहे ते त्यांना सांगितलेलं नाही.

पहिलं नागडं बोंड तिसऱ्या ओळीत. काकांनी कापूस चिमटीत धरून ओढला आणि सगळा धागा एका झटक्यात हातात आला. तळहातावर काळी सरकी, पॉलिश केल्यासारखी. काकांनी ती उन्हात धरली. "ताईंची," म्हणाले. मी पेन्सिल खाली ठेवली आणि उगाचच बुटाची नाडी बांधत बसले.

लांब धाग्यात अठरा. बुटकीत एक्कावन्न. आकडे तंतोतंत!

आणि तरी मी आज तुला आनंदाने लिहीत नाहीये. कारण यादी ताडून बघितली तर दोन झाडं चुकली. सातव्या ओळीतलं बारावं नागडं निघायला हवं होतं, त्याच्या सरकीवर लव आहे. तेरावं लवेचं हवं होतं, ते नागडं निघालं. पाचशेत दोन. मोठ्या बाई म्हणाल्या, पाचशेत दोन म्हणजे काहीच नाही. पण मागच्या वेळी न जुळणारं मी कापून टाकलं होतं. या वेळी नाही टाकणार. काही तिसरंच जनुक असेल? पुन्हा सगळं उसवावं लागेल? पाच दिवस मला धड जेवण गेलेलं नाही. केंद्राची बैठक सहा ऑक्टोबरला आहे, तिथे हे सगळं मांडायचंय.

तुला विचारायचा मला काही अधिकार नाही. विचारते. तुला काय वाटतं?

मुंगी


९ ऑक्टोबर

ताई,

तुझं पत्र एक तारखेला आलं. दोन पानं. मी ते जिन्यात उभी राहून वाचलं, मग प्रयोगशाळेत वाचलं, मग शेतात जाऊन वाचलं.

"तेव्हा मला फार लागलं होतं, अजून लागतं, आणि तू कापलेल्या फोटोचं लिहिलंस तेव्हा दोन दिवस मी कुणाशी बोलले नाही," हे मी वाचलं. त्यावर मी काही बोलणार नाही. ते तसंच असू दे.

पण त्याच्या खालची ओळ! "मुंगे, दोन शेजारी-शेजारी आणि एकमेकांच्या उलट चुकतात तेव्हा झाडं चुकलेली नसतात, माणूस चुकलेलं असतं. जा, दोघांची पानं पुन्हा तोड."

मी तश्शी धावत गेले, पानं तोडली, चाचणी पुन्हा केली. बाराच्या नळीत तेराचं पान आणि तेराच्या नळीत बाराचं. मी घातलेलं! माझ्या हातांनी! तुझ्या बियाण्यावर मिसळल्याचा ठपका ठेवणाऱ्या बाईने सहा वर्षांनी स्वतःच्या टेबलावर पानं मिसळली. आधी मला रडू आलं आणि मग इतकं हसू आलं की माळीकाकांनी पाणी आणून दिलं. पाचशेपैकी पाचशे, ताई. एकही झाड खोटं बोललं नाही.

बैठकीचं सांगते. सगळे विभाग, लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या. धागा विभागाची प्रमुख म्हणून या वेळी माझ्या नावाची घोषणा व्हायची होती. हे मी तुला लिहिलं नव्हतं. आता लिहिते. मी उभी राहिले, जुना फोटो न कापता पडद्यावर लावला आणि म्हटलं, "ही रेघ मी सहा वर्षांपूर्वी बघितली होती आणि अहवालातून कापली होती." मग पाचशे झाडं दाखवली, तुझे जुने आकडे आणि नवे आकडे शेजारी-शेजारी. शेवटी नळ्यांच्या अदलाबदलीचंही सांगितलं. मागून कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले. मीसुद्धा.

मोठ्या बाई उठल्या. मला वाटलं, आता संपलं. त्या म्हणाल्या, "त्या अहवालावर दोन सह्या आहेत. खालची माझी आहे. शेतात पाऊल न टाकता मी ती केली." मग चष्मा काढून पुसला. एवढ्या वर्षांत त्यांना चष्म्याशिवाय मी पहिल्यांदाच बघितलं. अहवाल मागे घेतला आहे. तसं पत्र तुला केंद्राकडून वेगळं येईल. शोधनिबंधावर पहिलं नाव तुझं. प्रमुखपदाचा निर्णय एक वर्ष पुढे ढकलला आहे. बाहेर आल्यावर बाई मला म्हणाल्या, "वाईट वाटलं?" मी खरं सांगितलं, "भूक लागलीय." दोन महिन्यांत पहिल्यांदाच कडकडून भूक लागली होती.

सोबत निबंधाचा मसुदा आहे. लाल पेनाने झोडप. आणि वेचणी अजून आठवडाभर चालेल, एवढंच कळवते. ये असं म्हणत नाही.

मुंगी


२ नोव्हेंबर

ताई,

तुम्ही जाऊन दहा दिवस झाले आणि घरात अजून तुझाच आवाज आहे. बाबा प्रत्येक वाक्य "ताई म्हणत होती की" असं सुरू करतात.

मला वाटलं होतं, तू आधी घरी येशील, बसशील, मग काहीतरी अवघड बोलणं होईल. मी वाक्यं पाठ करून ठेवली होती. तू मात्र बसमधून उतरून सरळ शेतात! पिशवी भावजींच्या हातात, चप्पल हातात, आणि पहिलं वाक्य काय, "दोन ओळींमध्ये एवढं कमी अंतर कुणी ठेवलं?" सहा वर्षांनी! मी म्हटलं, "मी." "दिसतंच आहे," म्हणालीस. मग आपण अर्धा तास अंतरावरून भांडलो, आणि भावजी बांधावर बसून बाबांना म्हणाले, "चला, जमलं म्हणायचं."

सातव्या ओळीत तू तेराव्या झाडापाशी थांबलीस. बोंडातून सरकी काढलीस, गालावर घासलीस, मग माझ्या गालावर घासलीस, लहान मुलाला दाखवावं तशी. "बघ किती मऊ," म्हणालीस आणि तुझा चेहरा एकदम लहान झाला. मी पाठ केलेलं एकही वाक्य बोलले नाही. तूही नाहीस. तू माझ्या डोक्यावर हात ठेवून मला जरा जोरातच ढकललंस. ते मला पुरलं. तुला पुरलं की नाही हे मी धरून चालत नाही. उरलेलं असेल ते हळूहळू काढ, मी आहे.

मसुदा मिळाला. पांढरा कागद कुठे दिसतच नाही, सगळा लाल. तिसऱ्या पानावर "ही भाषा माणसांची आहे का?" असं लिहिलंयस तिथे मी नवीन परिच्छेद लिहिलाय. शीर्षकात 'नागडी' ठेवायचं म्हणतेस, तर मोठ्या बाईंना तूच सांग. मी एकदा विचारून बघितलं, त्या "बघू" म्हणाल्या. त्यांचं "बघू" म्हणजे अर्धं हो.

नोकरीवर परत येणार नाहीस हेही मी त्यांना कळवलं. त्या म्हणाल्या, "मग बियाणं तिच्याकडे पाठव." तेव्हा पुढच्या हंगामाचे संकर तुझ्या रोपवाटिकेच्या मागच्या वाफ्यात तू करायचेस आणि चाचण्या मी. लेबलं तुझी, नळ्या माझ्या, आणि दोन्ही तपासणार बाबा. त्यांनी स्वतःच ठरवलंय. आपल्याला कुणी विचारलेलं नाही.

म्हणून शनिवारी सकाळच्या गाडीने आम्ही दोघं निघतोय. बियाणं माझ्या मांडीवर असेल. बाबांनी तुझ्यासाठी काहीतरी शिवलंय, मला दाखवत नाहीत, नुसतं "बाह्या बरोबर बसतील का?" असं विचारत फिरतात. तुझं घर मी अजून बघितलेलं नाही. बाबा म्हणतात, स्टॉपपासून डावीकडे, निळं दार, बाहेर कुंड्या, कुणीही सांगेल. तेव्हा न्यायला येऊ नकोस, तुझी रोपं सोडून उगाच उन्हात उभी राहू नकोस. आम्ही विचारत विचारत पोचू.

आलीस तर मात्र मी तुला खिडकीतूनच ओळखेन आणि गाडी थांबायच्या आधी उतरायचा प्रयत्न करेन. बाबांना सांगून ठेवलंय, मला धरून ठेवा.

तुझी,
मुंगी